सासूबाई नदालच्या

सासूबाई नदालच्या, मी फेडररची. लग्न ठरताना पत्रिका बघितली, गोत्र विचारलं, मुलीला पुरणपोळ्या जमतात का याचीही आडून चौकशी झाली. हा मुद्दा मात्र दोन्हीकडून राहून गेला. लग्न झालं २००७ च्या डिसेंबरात. २००८ च्या जुलैत टेनिसच्या विम्बल्डन स्पर्धेची फायनल लागली, फेडरर विरुद्ध नदाल, आणि घरात दोन पक्ष असल्याचं उघड झालं.

सासूबाईंना टेनिसमधलं फारसं कळत नव्हतं, पण माणसांतलं कळतं असा त्यांचा दावा आहे. नदाल त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत. "बघ, कसा राबतोय पोरगा!" खुर्चीजवळच्या दोन बाटल्या तो लेबलं एका दिशेला करून नेमक्या जागी ठेवतो, येता-जाता रेघेवर पाय पडू देत नाही. यावर "घरचं वळण आहे" असा शेरा मिळाला. फेडरर त्या वर्षी कार्डिगन घालून कोर्टावर आला होता. "हा खेळायला आलाय की साखरपुड्याला?" शिवाय याला घाम येत नाही, केस विसकटत नाहीत, तोंडातून हूं की चूं निघत नाही. सासूबाईंच्या मते काम करणाऱ्याने काम केल्यासारखं दिसलं पाहिजे. (हा नियम त्या मलाही लावतात. मिक्सरमध्ये केलेलं वाटण आमच्याकडे केल्यात धरत नाहीत.) पुढे जोकोविच आला, त्याच्याबाबतीत निदान आमचं एकमत झालं. त्याच्या आईवडिलांचं पिझ्झाचं हॉटेल होतं आणि याला ग्लूटेन चालत नाही, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "घरचं हॉटेल आणि पोराला गहू बंद! काय करत असेल ती माउली," म्हणाल्या. जोकोविच नावडता राहिला, पण त्याच्या आईची चौकशी त्या अजून करतात.

तर २००८. फेडरर पहिले दोन सेट हरला. "संपलं, झोपा आता," सासूबाई म्हणाल्या आणि लंडनला पाऊस आला. सेंटर कोर्टावर तेव्हा छप्पर नव्हतं, ते पुढच्या वर्षी आलं. खेळ थांबला, सुरू झाला, फेडररने दोन टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की निकाल लावणारा जादा गेम) जिंकून बरोबरी केली, पुन्हा पाऊस. शेवटी तिथे अंधार पडत असताना नदालने पाचवा सेट ९-७ असा घेतला. ४ तास ४८ मिनिटांची मॅच. आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजले होते. सासूबाई उठल्या आणि त्यांनी शिरा करायला घेतला. नवी सून म्हणून वेलची मी कुटली.

ही मॅच मी 'बघितली' असं मात्र म्हणता यायचं नाही. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदालकडे मॅच पॉइंट, म्हणजे मिळाला की मॅच संपते असा पॉइंट, आला आणि मी बाल्कनीतले कपडे काढायला गेले. जुलै महिन्यात, ठाण्यात, रात्री बारा वाजता कपडे वाळलेले नसतात. मी ते काढले, पिळले आणि परत वाळत घातले. दुसरा मॅच पॉइंट फेडररने ज्या बॅकहँडवर वाचवला तो फटका मी पुढे यूट्यूबवर बघितला, निकाल माहीत झाल्यावर, चहा घेत. टेनिस आवडणारी माणसं टेनिस बघतात. एखादा टेनिसपटू आवडणारी माणसं फ्रीज पुसतात.

दोष माझ्या काळजाचा नाही, टेनिसच्या हिशेबाचा आहे. आमचे हे क्रिकेटवाले. तिथे चेंडू किती उरले आणि धावा किती हव्यात हे पडद्यावर लिहिलेलं असतं. एका टप्प्यानंतर गेलेली मॅच गेलेली असते आणि माणूस पान वाढून घेऊ शकतो. फुटबॉलला घड्याळ असतं. टेनिसमध्ये दोन सेट, पाच गेम आणि चाळीस-शून्य असा पुढे असलेला माणूसही अजून जिंकलेला नसतो, कारण शेवटचा पॉइंट पडेपर्यंत समोरच्याचं काहीही बिघडलेलं नसतं. २०१० साली विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत इस्नर आणि माहू ३ दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. पाचवा सेट ७०-६८. मध्ये ४७-४७ ला गुणफलकाने मान टाकली, कारण त्याला याच्यापुढे मोजायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या गुणफलकाबद्दल मला फार आपुलकी आहे.

त्यात वेळा. अमेरिकन ओपनचा रात्रीचा खेळ आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. ऑस्ट्रेलियन ओपन भर ऑफिसच्या वेळेत. फ्रेंचची फायनल नेमकी कुकर लावायच्या वेळेला रंगात येते, विम्बल्डनचीही २०२४ पर्यंत तशीच यायची.

पण २०१७ च्या जानेवारीला तोड नाही. फेडरर पस्तीस वर्षांचा, गुडघ्यापायी सहा महिने घरी बसलेला, मानांकन सतरावं. तो ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल गाठेल हे त्याच्या घरीही कुणी धरलं नसेल, मी काय धरणार? तेव्हा संक्रांत ते रथसप्तमीमधला सोयीचा रविवार बघून मी अख्ख्या सोसायटीत हळदीकुंकवाचं बोलावणं करून बसले. २९ जानेवारी, दुपारी चार. फायनलही २९ जानेवारीलाच, दुपारी दोनला. समोर नदाल.

हॉलमधला टीव्ही बंद ठेवायचा असं ठरलं. हा तह दोन्ही पक्षांना मान्य होता, कारण पाहुण्यांसमोर सासू-सुनेचं भांडण नको. मॅच आतल्या खोलीत टॅबवर, आणि मुलगी निरोप्या. तिला सांगितलं होतं की दारात येऊन बोटं दाखवायची, उजवा हात फेडररचा, डावा नदालचा. पाचवा सेट सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये वीसेक बायका होत्या. उजवीकडे एक बोट, डावीकडे तीन. मी एका वहिनींना दोनदा हळद लावली आणि कुंकू लावायचं विसरले. सासूबाई ऊस-हरभरे वाटताना गुणगुणायला लागल्या. मग उजवी बोटं वाढू लागली आणि गुणगुण थांबली. तीन-तीन. नेमकी तेव्हाच समोरच्या विंगमधल्या काकूंना उखाण्याची लहर आली. नाव घेतल्याशिवाय वाण घेणार नाही म्हणाल्या. वाण चहाच्या गाळणीचं होतं, एवढं ताणण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं,

"मेलबर्नच्या कोर्टावर रंगलाय पाचवा सेट,
...रावांचं नाव घेते, वाण घ्या आणि निघा थेट!"

बायका खूप हसल्या. मी विनोद केला नव्हता.

थोड्या वेळाने मुलगी दारात आली ती दोन्ही हात खाली सोडून. हा कुठला स्कोअर? "थांब," ती म्हणाली, "मशीन बघतंय." शेवटच्या पॉइंटला फेडररचा फोरहँड रेषेवर पडला होता आणि नदालने चॅलेंज घेतलं होतं. माझं कुंकवाचं बोट कुणाच्या तरी कपाळासमोर हवेत थांबलं. चेंडू आत होता. फेडररचं अठरावं ग्रँड स्लॅम, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद. मी समोरच्या बाईंना कडकडून मिठी मारली. त्या कुणाकडे तरी नालासोपाऱ्याहून आलेल्या पाहुण्या होत्या. ठाण्याची माणसं फार प्रेमळ, असं त्या तिकडे सांगतात म्हणे. सासूबाई गुलाबपाणी शिंपडत होत्या, जरा जोरातच, आणि फक्त माझ्या दिशेने.

मला टेनिस शांतपणे बघताच येत नाही असा ह्यांचा समज होता, तो बालेवाडीत दूर झाला. चेन्नईची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा २०१८ पासून पुण्याला आली होती. २०१९ च्या जानेवारीत आम्ही तिची फायनल बघायला गेलो. ६ फूट ११ इंचांचा कार्लोविच विरुद्ध ६ फूट ८ इंचांचा अँडरसन. दोघांच्या सर्व्हिस अशा की परतवायचा प्रश्नच फारसा येत नव्हता. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, अँडरसन जिंकला. मी एकदाही जागची उठले नाही, वेफर्स खाल्ले, दोघांच्याही चांगल्या फटक्यांना टाळ्या वाजवल्या. "तू आज बरी आहेस ना?" ह्यांनी काळजीने विचारलं. दोघांपैकी माझं कुणीच नव्हतं, म्हणून बरी होते.

त्याच वर्षी १४ जुलैला एकाच शहरात दोन फायनली होत्या. लॉर्ड्सवर क्रिकेटच्या वर्ल्ड कपची, विम्बल्डनला फेडरर-जोकोविचची. भारत सेमीफायनलला न्यूझीलंडकडून हरला होता, त्यामुळे हे रातोरात न्यूझीलंडचे झाले होते. ज्याने आपल्याला हरवलं त्याने कप न्यावा, म्हणजे आपल्या हरण्याला जरा इभ्रत राहते. टीव्ही ह्यांच्याकडे, मला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. सासूबाईंची आणि माझी त्या दिवसापुरती युती होती. लॅपटॉपवरचं चित्र फोनवरच्या स्कोअरच्या मागे चालतं हे तेव्हा नव्याने कळलं. मुलगी फोन बघून "अरेरे" म्हणायची, आणि लॅपटॉपवर फेडररने अजून सर्व्हिसचा बॉलही वर फेकलेला नसायचा. होणारं दुःख आधी कळवून मग सावकाश दाखवायचं, ही सोय अजून नीट कुणी वापरून घेतलेली नाही.

पाचव्या सेटमध्ये मी अर्थातच ओट्यापाशी होते. कढई इतकी घासली होती की तिच्यात तोंड दिसत होतं. आठ-सात, सर्व्हिस फेडररची, चाळीस-पंधरा. "आई, पळत ये! दोन मॅच पॉइंट!" मी साबणाच्या हातांनी बाहेर आले. पहिल्याला फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने तिरका फोरहँड मारून चेंडू त्याच्या बाजूने काढला. सासूबाईंनी लॅपटॉपवरची नजर माझ्याकडे वळवली. "तू बाहेर आलीस कशाला?"

मला शुभ-अशुभ वगैरे मान्य नाही. मी आत गेले ती संपेपर्यंत आलेच नाही, एवढंच.

१२-१२ ला टायब्रेक खेळायचा नियम विम्बल्डनने त्याच वर्षी आणला होता. त्यात जोकोविच जिंकला. नंतर आकडे आले. फेडररचे एकूण पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. चौदा पॉइंट जास्त मिळवून माणूस हरला. मी हे ह्यांना सांगायला हॉलमध्ये गेले, तर तिथे वेगळंच सुतक. मॅच बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि इंग्लंडचे चौकार-षटकार जास्त म्हणून कप इंग्लंडला. सोफ्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. एकमेकांचं दुःख आम्हाला इतक्या वर्षांत इतकं नेमकं कधी कळलं नव्हतं. ह्यांनी उठून दोघांसाठी कॉफी केली. दूध उतू घालवलं, पण केली.

२०२२ च्या सप्टेंबरात फेडरर थांबला. लंडनला लेव्हर कपची दुहेरीची मॅच, जोडीदार नदाल. संपली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजले होते आणि सासूबाई प्राणायामाला उठल्या होत्या. ते दोघे हरले. फेडरर रडत होता, मी रडत होते, आणि त्याच्या शेजारी बसून नदालही रडत होता. "हा का रडतोय? ह्याची तर पीडा गेली," सासूबाई म्हणाल्या आणि चटई पसरून बसल्या. पण त्या दिवशी त्यांचं अनुलोम-विलोम झालं नाही. दोन्ही नाकपुड्या बंद होत्या.

नदाल आणखी दोन वर्षं टिकला. २०२२ ची फ्रेंच ओपन तो पायात बधिर करण्याची इंजेक्शनं घेऊन जिंकल्याचं सासूबाईंनी पेपरात वाचलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना तेच इंजेक्शन मागितलं. डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं.

हल्ली मी टेनिस बघते. सगळं, सलग, कुणाचंही. मधे उठत नाही. फ्रीज कळकट झालाय. सासूबाईंनी मात्र नदाल थांबल्या थांबल्या अल्काराझला घरात घेतलं. "त्याच्याच गावचा आहे." मी सांगून बघितलं की आई, हा मुर्सियाचा, नदाल मायोर्काचा, मधे समुद्र आहे. "असेना. अलिबागला आपणही बोटीनेच जातो."

८ जून २०२५, फ्रेंच ओपनची फायनल, अल्काराझ विरुद्ध सिनर. अल्काराझ पहिले दोन सेट हरला, तिसरा त्याने काढला. चौथ्यात सिनर ५-३ ने पुढे, सर्व्हिस अल्काराझची आणि शून्य-चाळीस. सिनरला तीन मॅच पॉइंट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. पाय वर घेऊन, मांडीवर दाण्यांची वाटी ठेवून मी म्हटलं, "आई, गेली हो ही."

उत्तर नाही. वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरात दिवा होता. सासूबाई स्टुलावर बसून मोड आलेले वाल सोलत होत्या, टीव्हीकडे पाठ करून.

"आई, हे उद्या दुपारी सोलायचे होते ना?"

"तू जा बाहेर. आणि जिंकला तरच सांग."

अल्काराझने तिन्ही वाचवले. मॅच ५ तास २९ मिनिटं चालली, त्या स्पर्धेतली सगळ्यात लांब फायनल. मध्यरात्र उलटल्यावर मी निकाल सांगायला आत गेले तेव्हा भिजवलेल्यांपैकी एकही वाल शिल्लक नव्हता. पुढचे दोन दिवस आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बिरडं होतं.