फिल्म न्वारचे श्रेय आधी कोणाला?

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फिल्म न्वार (शब्दशः ‘काळा चित्रपट’, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतले अंधारे, निराश सुराचे अमेरिकन गुन्हेपट) ही हिटलरमुळे परागंदा झालेल्या जर्मन दिग्दर्शकांची निर्मिती, तिच्यामागच्या अमेरिकन डिटेक्टिव्ह कादंबऱ्या रद्दीच्या लायकीच्या, म्हणून न्वार करायचा तर कथा कोणतीही चालते, प्रकाशयोजना तेवढी जमली पाहिजे, ही लाट दुसऱ्या महायुद्धाच्या नैराश्यातून आली, आणि हे सगळे काम पुरुषांचेच होते. एरवी मी हे वाचून सोडून दिले असते. पण चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीने या मजकुरावर विसंबून आपल्या लघुपटाची पटकथा अर्धवट ठेवली आणि दिव्यांच्या भाड्याची चौकशी सुरू केली, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही.

कथा कोणतीही चालते, हा यातला सर्वांत घातक मुद्दा, म्हणून आधी तोच घेतो. डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत प्रत्यक्ष नोकरी केलेला लेखक. त्याची ‘द माल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९२९ पासून ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त पल्प मासिकात क्रमशः आली आणि १९३० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वॉर्नर ब्रदर्सने तिच्यावरून दहा वर्षांत तीन चित्रपट काढले. त्यांतला १९३६ चा चित्रपट दिग्दर्शित केला विल्यम डीटर्ले यांनी, जे जन्माने जर्मन होते आणि जर्मन मूकपटांचा दिग्दर्शक मुर्नाऊ याच्या ‘फाउस्ट’मध्ये भूमिकाही केलेले होते. जर्मन वारसा एवढाच पुरेसा असता तर न्वार तिथेच जन्माला यायला हवा होता. प्रत्यक्षात झाला तो एक उथळ विनोदी चित्रपट, ज्यात पात्रांची नावे बदलली होती आणि ससाण्याच्या पुतळ्याच्या जागी रत्नांनी भरलेले शिंग आले होते. उलट अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जन्मलेल्या जॉन ह्यूस्टनने १९४१ मध्ये आपल्या पहिल्याच दिग्दर्शनात कादंबरीतले प्रसंग आणि संवाद मोठ्या प्रमाणात जसेच्या तसे ठेवले, आणि न्वारची सुरुवात म्हणून आज बोट दाखवले जाते ते याच चित्रपटाकडे.

ज्या अंधाराचे एवढे कौतुक चालले आहे, तोही हॅमेटने आधीच लिहून ठेवलेला आहे. कादंबरीचे दुसरे प्रकरण उघडून पाहावे. काळोखात फोनची घंटा वाजते, पलंगाच्या स्प्रिंगा कुरकुरतात, बोटे लाकडावर चाचपडतात, काहीतरी लहानसे आणि कठीण गालिच्यावर पडते, आणि मग फक्त एका बाजूचे बोलणे ऐकू येते. कादंबरीचा नायक, खासगी गुप्तहेर सॅम स्पेड, याला आपल्या भागीदाराच्या खुनाची बातमी मिळते आहे. दिवा लागतो तो बोलणे संपल्यावर. मग तो सावकाश, काळजीपूर्वक सिगारेट वळतो, आणि त्याला काय वाटले याबद्दल लेखक एक शब्द सांगत नाही. ह्यूस्टनचा कॅमेराही त्या वेळी फोनवर आणि मागच्या खिडकीवर स्थिर राहतो आणि आपण केवळ स्पेड झालेल्या हम्फ्री बोगार्टचा आवाज ऐकतो. मनात न शिरता माणूस फक्त कृतीतून दाखवायचा, ही शिस्त कागदावर नसती तर प्रकाशयोजनाकाराने नेमके काय झाकले असते?

या चित्रपटांना ‘न्वार’ हे नाव देणाऱ्या पहिल्या समीक्षकांपैकी नीनो फ्रांक याचा ऑगस्ट १९४६ मधला फ्रेंच लेख या बाबतीत निर्णायक आहे. युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये एकदम आलेल्या अमेरिकन चित्रपटांपैकी ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’ आणि ‘मर्डर, माय स्वीट’ त्याच्या डोळ्यांसमोर होते. हे चारही कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. त्याला नवे वाटले ते असे, की गुन्हा कोणी केला हा प्रश्न मागे पडून ही व्यक्ती वागते कशी, हा प्रश्न पुढे आला. हे कथेविषयीचे निरीक्षण आहे, दिव्यांविषयीचे नव्हे.

परागंदा दिग्दर्शकांचे योगदान मी नाकारत नाही, नाकारताही येणार नाही. फ्रिट्झ लांगचा ‘एम’ १९३१ चा आहे, आणि रॉबर्ट सिओडमाकने १९४४ च्या ‘फँटम लेडी’त रात्रीचे न्यूयॉर्क ज्या तऱ्हेने उभे केले, ते हॉलिवूडमध्येच घडलेल्या किती जणांना जमले असते याची शंका वाटते. पल्प मासिकांत कचराही भरपूर छापला जाई, हेही खरे. पण ‘फँटम लेडी’ही कॉर्नेल वुलरिचच्या कादंबरीवरच बेतलेली आहे. ‘डबल इन्डेम्निटी’चा दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि सिओडमाक या दोघांचा हात असलेला बर्लिनमधला १९३० चा ‘मेन्शन आम झोनटाग’ तर रस्त्यांवर आणि तळ्याकाठी, लख्ख उन्हात, नवख्या माणसांना घेऊन चित्रित झाला होता. जर्मनीतून आला तो प्रत्येक जण सावल्या घेऊनच आला, ही समजूत इथेच कोसळते. आणि वाइल्डरला ‘डबल इन्डेम्निटी’ लिहायची वेळ आली, तेव्हा त्याच्या जोडीला बसला तो ‘ब्लॅक मास्क’मध्ये घडलेला डिटेक्टिव्ह कादंबरीकार रेमंड चँडलर.

युद्धाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. ह्यूस्टनचा चित्रपट ऑक्टोबर १९४१ मध्ये प्रदर्शित झाला आणि अमेरिकेला युद्धात ओढणारा पर्ल हार्बरवरचा हल्ला झाला डिसेंबरमध्ये. जेम्स एम. केनची ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ १९३४ ची आहे. एमजीएमने तिचे हक्क लगेच घेतले, पण प्रॉडक्शन कोड या हॉलिवूडच्या नैतिक नियमावलीच्या अडसरामुळे चित्रपट यायला १९४६ उजाडले. या कथा दारूबंदी आणि महामंदीच्या अमेरिकेत लिहिल्या गेल्या. पडद्यावर यायला त्यांना उशीर लागला, आणि त्या उशिरालाच मजकूरकर्त्याने जन्मतारीख समजले आहे. युद्धोत्तर उदासीने पुढे भर घातली, एवढे मान्य करता येईल.

राहिला पुरुषांचा मुद्दा. ‘लॉरा’ची कादंबरी व्हेरा कॅस्परीची, ‘द बिग स्लीप’च्या पटकथाकारांत ली ब्रॅकेट, ‘फँटम लेडी’च्या निर्मितीमागे जोन हॅरिसन, आणि १९५३ चा ‘द हिच-हायकर’ दिग्दर्शित केला आयडा लुपिनोने. डोरोथी बी. ह्यूजने १९४७ च्या ‘इन अ लोन्ली प्लेस’मध्ये नायकालाच खुनी केले आणि त्याला ओळखण्याचे काम दोन स्त्रियांकडे सोपवले, १९५० च्या चित्रपटात मात्र तो निर्दोष ठरवला गेला.