सूर बेताचाच, पण झोप छान लागते!
सोबत गायल्याने मन हलकं होतं, हे लेखातलं वाक्य अगदी पटलं. हे गेल्यावर दोन वर्षं मी घराबाहेर फारशी पडतच नव्हते. शेजारच्या काकूंनी जवळजवळ ओढतच सहकारनगरातल्या भजनी मंडळात नेलं. माझा सूर? अजूनही बेताचाच! पण ओळ संपताना सगळ्याजणी एकाच जागी श्वास घेतो ना, तिथे आत काहीतरी सैलावतं. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये समूहगायकांचे हृदयाचे ठोके मोजले होते. एकत्र गाताना ते बरोबरीने कमीजास्त व्हायचे, कारण श्वासाची लय एकच. आमच्या टाळवाल्या आजींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मोजायचं काय त्यात? भजनाच्या दिवशी मला पाठ टेकताच झोप लागते."