जमैका कुठे गेलं?

‘मिश्र वंशाच्या माणसाला एकाच कप्प्यात कोंबणं ही अमेरिकी माध्यमांची खोड’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. २०२० मध्ये कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या तेव्हा आपल्या वाहिन्या कॅमेरे घेऊन थेट तामिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरमच्या देवळात. का, तर ते आईकडच्या आजोबांचं गाव. वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे, स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ. त्यांचा उल्लेख ओझरता. २०२४ मध्ये ट्रम्प शिकागोत ‘त्या अचानक कृष्णवर्णीय झाल्या’ अशा अर्थाचं बोलले. आपण हसलो. पण चार वर्षं त्यांना नुसती ‘आपली लेक’ करून ठेवणारे आपणच होतो ना?

आणि दूर कशाला जायचं? नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचं, कुटुंब होतं. अंकल इंजिन ड्रायव्हर, आंटी शिक्षिका. भाजीवाल्याशी भांडायच्या मात्र अस्सल नागपुरीत. जुन्या हिंदी सिनेमात अशा घरातली माणसं शोधा: पुरुषाच्या हातात ग्लास, नाहीतर बाई क्लबात नाचतेय. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नामनियुक्त जागा २०२० मध्येच संपल्या. त्यावर किती प्राइमटाइम चर्चा झाल्याचं आठवतंय कुणाला?