हॅरियर की सफारी: आधी मागच्या रांगेत बसून बघा

टाटाच्या हॅरियरचं टॉप मॉडेल घ्यावं की जवळपास त्याच पैशांत टाटाच्याच सफारीचं मधलं, हा प्रश्न आमच्याही घरी महिनाभर चालला होता. दोन्हींचं 2 लिटर डिझेल इंजिन तेच, 170 पीएस ताकदीचं. व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2741 मिमीच. ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीचे 5 तारे दोघींनाही आहेत. मग उरते फक्त सफारीत असलेली सीटांची तिसरी रांग. शोरूमला जाताना आईवडिलांना आणि मुलांना सोबत न्याच. आमच्या आईला गुडघ्यांमुळे मागे चढणं जमणार नाही हे तिथेच कळलं, पण मुलं मागे ऐसपैस बसली, म्हणून हॅरियरच्या टॉप मॉडेलमधल्या मोठ्या स्क्रीनचा मोह सोडून सफारी घेतली. आजीआजोबा, नातवंडं आता एकाच गाडीत! फक्त तिन्ही रांगा भरल्या की डिकीत फारसं मावत नाही, गावी जाताना टपावर कॅरियर लागतोच.