पंधरा ते पन्नास

"पुढारलेल्या देशांत इतक्या जुन्या गाड्या रस्त्यावर दिसतच नाहीत." एका मराठी वाहिनीवरच्या चर्चेत एक पाहुणे हे ठासून सांगत होते. ती क्लिप धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं: 'वय झालं की गाडी भंगारच.' रोख आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवर होता, हे ग्रुपवर सगळ्यांनाच कळलं. मी ते वाचलं १६ ऑगस्ट २०२५च्या रात्री साडेदहाला, इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ. नुकताच वुडवर्ड या इथल्या मोठ्या रस्त्यावरून परतलो होतो आणि गॅरेजमध्ये उभ्या केलेल्या माझ्या १९६९च्या प्लिमथचं बॉनेट अजून हात लावता येणार नाही इतकं तापलेलं होतं.

दिसतच नाहीत? त्या दिवशी सकाळपासून मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत सोळा मैल वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरलेला होता. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरतो. १९९५ साली फर्नडेलमधल्या मंडळींनी मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला ही फेरी सुरू केली. आता चाळीस हजारांच्या घरात गाड्या येतात. बायका-मुलं, आजी-आजोबा सकाळी सहाला फुटपाथवर खुर्च्या मांडून बसतात. समोरून जीटीओ जाते, शेव्हेल जाते, चार्जर जाते, आणि खुर्चीतला ऐंशीचा म्हातारा न पाहता, नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखतो.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर संस्थानिकांची रोल्स येते. व्हिंटेज रॅलीत फेटे बांधलेले मालक, मागच्या सीटवर पैठणी नेसलेल्या बायका. त्या गाड्या सुंदर असतात, माझं काही म्हणणं नाही. पण वुडवर्डवरच्या गाड्या कोणाच्या होत्या ते ऐका. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्या कंपनीत जॉन डीलोरियन या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. जनरल मोटर्सच्या नियमात एवढं मोठं इंजिन त्या गाडीत बसत नव्हतं, म्हणून ते वेगळे पैसे भरून घ्यायचं ऑप्शन म्हणून विकलं. हीच जीटीओ. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपली, आणि मग प्रत्येक कंपनी त्या वाटेने निघाली.

माझी प्लिमथ रोडरनर १९६८ साली आली ती याच गाड्या महाग होत चालल्या म्हणून. पोरांना परवडेल अशी गाडी द्या, बाकी सगळं काढून टाका, असा हिशेब होता. किंमत तीन हजार डॉलरांच्या आत. खाली गालिचा नाही, रबरी मॅट. पुढे सलग बाकडं. पैसा घातला तो इंजिनात: ३८३ क्युबिक इंच, म्हणजे ६.३ लिटर, ३३५ हॉर्सपॉवर. आणि हॉर्न. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि 'बीप बीप' वापरायला वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर दिले होते, तो हॉर्न आजही वाजवला की रस्त्यावरची पोरं हात हलवतात. १९६९ साली अशा ऐंशी हजारांवर गाड्या विकल्या गेल्या. घेणारे कोण? कारखान्यात पहिला पगार झालेली पोरं. हा त्या काळातला कामगाराचा ऐवज आहे, आणि हे शहर त्याला मान देतं. आपण आपल्या कामगाराच्या गाडीला भंगार म्हणतो. मला राग आला तो या शब्दाचा.

कारण अप्पा फिटर होते. कुर्ल्याला, पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीत, १९६४पासून निवृत्त होईपर्यंत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेला हा कारखाना सुरुवातीला क्रायसलरशी करार करून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी करायचा, हे आज कोणाच्या लक्षातही नाही. फियाट आली ती नंतर. अप्पा लागले तेव्हा फियाटचीच लाइन होती, पण जुने फोरमन प्लिमथच्या गोष्टी सांगायचे. तिचे नटबोल्ट इंचाचे, फियाटचे मिलिमीटरचे, त्यामुळे पान्यांचे दोन वेगळे ट्रे असायचे म्हणे. माझ्या गॅरेजमध्ये आजही दोन ट्रे आहेत. विंडशील्डखाली माझ्या गाडीचा नंबर कोरलेला आहे, त्यात नऊच्या पुढचं 'ए' अक्षर म्हणजे लिंच रोडचा कारखाना, डेट्रॉइट. ही गाडी जिथे बांधली ती जागा माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि तिची आधीची भावंडं जिथे जोडली गेली ती जागा माझ्या बालपणाच्या घरापासून चार स्टेशनांवर. हे मी इथे कोणाला समजावून सांगू शकत नाही आणि तिथे कोणाला ऐकून घ्यायचं नाही.

नंबर लावून पाच वर्षांनी, १९८४ साली, अप्पांना पद्मिनी मिळाली. क्रीम रंगाची. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर; माझ्या एका इंजिनात तिची जवळजवळ सहा इंजिनं मावतील. रविवारी सकाळी अप्पा बॉनेट उघडायचे आणि मी टॉर्च धरून उभा राहायचो. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढायचे, खिशातून बेस्टचं तिकीट काढून त्याची पट्टी पॉइंटच्या फटीतून हलकेच ओढायचे. पट्टीवर पॉइंटच्या मळाची काळी रेघ उठायची. ती मला दाखवायचे, काही न बोलता. मग स्क्रू ड्रायव्हरने सोलेक्स कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मान तिरकी करून ऐकत. आयडलिंग जमलं की ओठ मिटून हसायचे.

आता या गाडीचं कायद्याने काय करायचं, ते बघू. वाहिनीवरचे पाहुणे दिल्लीचा नियम महाराष्ट्रभर लावायला निघाले होते. दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल बंद, हा हरित लवादाचा आदेश, त्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला. २०२५च्या १ जुलैला अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचंच नाही असं ठरलं आणि काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी १२ ऑगस्टला न्यायालयाने तात्पुरतं सांगितलं की केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. आपल्या राज्यात तर खाजगी गाडीचं पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून घेता येतं. फी भरा, पर्यावरण कर भरा, तपासणी द्या. ती फी वीस वर्षांवरच्या गाडीला आता दहा हजार केली आहे. म्हणजे चालवू देतो, पण चालवू नये अशी इच्छा.

आणि पन्नास वर्षं झाली की तीच गाडी एकदम पूज्य होते! २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंद, वीस हजार फी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. मग पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं गाडीने काढायची कुठे? ज्याच्याकडे वाड्यात पागा आहे त्याची गाडी पन्नाशी गाठेल. डोंबिवलीच्या सोसायटीत एका पार्किंगसाठी भांडणं होतात, तिथली पद्मिनी कशी गाठणार? इथे मिशिगन राज्यात सव्वीस वर्षं झाली की हिस्टॉरिक पाटी मिळते. शो, परेड, क्लबचे कार्यक्रम यांपुरतीच गाडी काढायची, पण ऑगस्ट महिनाभर कुठेही फिरा. एक महिना मोकळा सोडण्याएवढं मोठं मन सरकारकडे असू शकतं, हे मी इथे पाहिलं.

कोणी म्हणेल, अमेरिकेनेही गाड्या भंगारात काढल्या. हो, २००९च्या उन्हाळ्यात. जुनी द्या, नवीनवर साडेतीन ते साडेचार हजार डॉलर घ्या. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या गेल्या. इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते आवळून मरेपर्यंत चालवायचे. मी त्याचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहू शकलो नाही. पण पंचवीस वर्षांवरच्या गाडीला त्या योजनेत प्रवेश नव्हता. जुनी आणि म्हातारी यांतला फरक त्यांनी कागदावर लिहून ठेवला होता.

यातलं बरंचसं मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. इथेनॉलचंही लिहिलं, कारण भावाने ई-ट्वेंटीचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा आधीच काढला होता, की आता पेट्रोलच जुन्या गाडीला झेपणार नाही. इथे दहा टक्के इथेनॉल कित्येक वर्षं आहे. माझ्याही गाडीचा रबरी पाइप आतून मऊ होऊन भुगा सुटला आणि कार्टर कार्ब्युरेटरची जेट तुंबली. पाइप बदलला, वीस डॉलर. हिवाळ्यात उभी करण्याआधी टाकीत बोटींसाठीचं बिनइथेनॉलचं पेट्रोल भरतो. उपाय असतात, करणारा हवा, असं मी लिहिलं.

भावाचं उत्तर सकाळी आलं, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. 'दादा, तुझ्या घरामागे जंगल आहे. माझ्या पोरीला दिवाळीपासून होळीपर्यंत नेब्युलायझर लागतो. तुझी गाडी लिटरला चार किलोमीटर देते आणि तू मला हवा शिकवतोस.'

ते खरं आहे. १९६९च्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तो १९७५च्या मॉडेलांपासून आला. कोल्ड स्टार्टला चोक लागलेला असतो तेव्हा गॅरेजमध्ये डोळे चुरचुरतात. मी वर्षाला सातशे मैल चालवतो, फार तर. पहिल्या पावसांनी रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की एप्रिलअखेर काढतो, आणि हॅलोविनच्या आत झाकतो. मिशिगनमध्ये गाड्यांची तपासणी होत नाही, पत्रे गंजून लोंबणाऱ्या गाड्या आय-सेव्हन्टी-फाइव्ह महामार्गावर माझ्या शेजारून ताशी ऐंशी मैलांनी जातात, हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. तरीही मला म्हणायचंय की पोरीचा खोकला सोसायटीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिनीमुळे नाही. रोज धावणाऱ्या आणि पीयूसी विकत घेऊन पळणाऱ्या गाड्यांमुळे आहे. गाडी किती चालते आणि कशी ठेवली आहे ते मोजा. जन्मसाल मोजणं सोपं, म्हणून ते मोजतात.

पण त्या दिवशी मी हे त्याला लिहिलं नाही.

ही गाडी मी घेतली २०१३ साली, अप्पा गेल्यानंतरच्या वसंतात. जानेवारीत ते गेले तेव्हा इथे हिमवादळ होतं, दोन फ्लाइट रद्द झाल्या, मी पोहोचलो तिसऱ्या दिवशी. दवाखान्यात त्यांना भावाने नेलं होतं, पद्मिनीतून, कारण तेच हट्टाला पेटले होते की मी माझ्या गाडीतून जाईन. परत आलो आणि एप्रिलमध्ये एका जाहिरातीवरून प्लिमथ बघायला गेलो. नाव वाचूनच गेलो. आयडलिंग जमेना, रेस केली की मिसिंग. ती मला शिकवली लिंच रोडला काम केलेल्या एका गृहस्थांनी, माझ्याच गल्लीत राहतात. शनिवारी सकाळी व्हॅक्यूम गेज घेऊन यायचे, स्क्रू पाव फेरा फिरवायचे आणि मान तिरकी करायचे. पहिल्यांदा त्यांनी तशी मान केली तेव्हा मला हात पुसायच्या निमित्ताने आत जावं लागलं.

या गावात एकवीस वर्षं झाली. ऑफिसात माझं नाव अजून अर्धंच घेतात. वुडवर्डवर बॉनेट उघडून उभा राहिलो की लोक एवढंच विचारतात, थ्री एटी-थ्री ना, कार्टर ओरिजिनल आहे का, आणि मग शेजारी उभे राहून ऐकतात. मंडळाच्या गणपतीला मात्र दर वर्षी कोणीतरी मायलेज विचारतं. दोन्हीकडे मी उत्तर देतो. पण सांगायचं असतं ते कोणालाच सांगितलेलं नाही, की डोंबिवलीत ती क्रीम गाडी उभी आहे तोवर माझी तिथे एक जागा राखलेली आहे असं मला वाटतं. पार्किंगचे पैसे बारा वर्षं भाऊ भरतोय.

पुढच्या रविवारी त्याला फोन केला. म्हटलं, विकू नकोस असं मी सांगणार नाही, पण एकदा सुरू करून ऐकव. तो खाली गेला, ताडपत्री काढली, शेजारच्याची बॅटरी जोडली. सेल्फ फिरत होता, गाडी घेत नव्हती. मी व्हिडिओवर सांगायला लागलो, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ, पॉइंटवर गंज असेल, एखादा कागद...

"माहितीये दादा," तो म्हणाला. "तू गेल्यावर अप्पांनी मला शिकवलं."

मोबाइल त्याने बंपरवर टेकवून ठेवला. मला फक्त त्याचे हात दिसत होते. त्याने खिशातून तिकीट काढलं, लोकलचं, कडेची पट्टी फाडली आणि फटीतून हलकेच ओढली. मग ती कॅमेऱ्यासमोर धरली. काळी रेघ होती.