त्या मुलीनं आईला काय विचारलं

साताऱ्याहून दादाचा मेसेज आला तेव्हा इथे अजून उजाडलंही नव्हतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आईच्या खालच्याच मजल्यावर राहतो आणि गेली वीस वर्षं तिचं दुखणंखुपणं तोच बघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

मेसेज घरच्या ग्रुपवर होता. मानसिक आरोग्याचा अभ्यास करणारी एक टीम आमच्या पेठेत घरोघरी फिरते आहे. काल एक मुलगी आली, काकूंची, म्हणजे माझ्या आईची, सही घेतली आणि तासभर प्रश्न विचारत बसली. झोप लागते का, भूक लागते का, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का. काकूंनी दादालाच 'तू जा खाली' म्हणून सांगितलं. ती मुलगी गेल्यावर काकू रडल्या. शेवटी दादानं लिहिलं होतं, "नसलेलं डोक्यात भरवतात हे लोक. डिप्रेशन हे तिकडचं खूळ. आपल्याकडे घरात माणसं असतात." खाली भराभर अंगठे पडले.

'तिकडचं' म्हणजे माझ्याकडचं. मी २००४ पासून दक्षिण लंडनमध्ये राहतो. त्या दिवशी ट्रेनमध्ये उभ्यानं मी चार उत्तरं लिहिली आणि चारही पुसली. ती इथे लिहितो.

पहिली गोष्ट, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ही शंका एकट्या दादाची नाही, जगभर लोकांना हेच वाटतं, डॉक्टरांनाही वाटायचं. म्हणूनच लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी या प्रश्नावर झालेले अभ्यास एकत्र तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्यामुळे ते वाढतात असं दिसत नाही, झालेच तर कमी होत असावेत. आई रडली ती त्या मुलीनं काही आत घातलं म्हणून नव्हे. आत होतं ते कुणीतरी पहिल्यांदा नीट विचारलं म्हणून रडली, असं मला वाटतं. खात्रीनं कसं सांगू? मी तिथे नव्हतो.

दुसऱ्या दिवशी एका भाच्यानं ग्रुपवर बातमी टाकली की ब्रिटिश संशोधकांनीच डिप्रेशन खोटं ठरवलंय. ही बातमी दर काही महिन्यांनी नव्यानं फिरते. मूळ लेख २०२२ चा, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांचा. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं, याला सुसंगत पुरावा सापडत नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. त्या कारणमीमांसेवर इथल्या मानसोपचारतज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण ताप कशानं आला हे नक्की कळलं नाही म्हणून ताप नव्हताच असं कुणी म्हणत नाही. आपल्याच नात्यात दोघांना नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी हा मेसेज वाचून मनानंच गोळ्या बंद केल्या तर काय होईल, याचा विचार टाकणाऱ्यानं करायला हवा होता. मला त्याचा फार राग आला, अजून आहे.

आता घरातली माणसं. या मुद्द्यावर मी रोज बसमधून जाताना विचार करतो, कारण माझी बस कॅम्बरवेलवरून जाते. सत्तरच्या दशकात तिथल्या बायकांच्या घरी जाऊन जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांच्या टीमनं तासन् तास मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. आयुष्यात मोठा धक्का बसलेल्या सगळ्याच बायका नैराश्यात गेल्या नाहीत. मग कोण गेल्या? त्यांना जे सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती: मनातलं बोलता येईल असं जवळचं माणूस जिला होतं, ती बरीचशी सावरली. घरात माथी किती, याला फारसं महत्त्व नव्हतं. उलट तीन किंवा जास्त लहान मुलं घरात असलेल्या बायका जास्त कोलमडत होत्या. आमच्या वाड्यात अकरा माणसं होती, दादा. माझी आजी माजघरात भिंतीकडे तोंड करून दुपारच्या दुपार पडून असायची आणि आपण सगळे म्हणायचो, "ती तशीच आहे." अकरा जणांपैकी कुणीही तिला विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, पण विचारता आलं असतं.

आणि 'तिकडचं खूळ' म्हणताना आपण आपल्याच लोकांचं काम पुसून टाकतो. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेच्या टीमनं मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा-आठ बैठकांत बोलणं, आणि ज्या कामांत मन रमायचं ती हळूहळू परत सुरू करायला लावणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के बरे झाले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला हा अभ्यास इथली मंडळी अभ्यासतात. इथून तिकडे गेलेली गोष्ट नाही ही.

विदर्भ तर आपलाच. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलायचे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पाठवायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते, दीड वर्षानं सत्तावीस जणांनी. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. आपण पेपरात 'विदर्भ' आणि 'आत्महत्या' हे शब्द शेजारी शेजारी वाचून पान उलटतो. तिथे कुणीतरी दार वाजवून विचारत होतं आणि लोक सांगत होते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याला कुणी मोजलंसुद्धा नव्हतं. आता मोजायला कुणी आलं, तर आपण त्यांच्यावर चिडतो.

इंग्लंडमध्ये अशी पाहणी १९९३ पासून होते. आत्महत्येचा प्रयत्न हा इथे १९६१ पासून गुन्हा नाही, आपल्याकडे ३०९ कलम संपायला १ जुलै २०२४ उजाडावा लागला. मी हे ग्रुपवर लिहिलं असतं तर दादा म्हणाला असता, झालं तुझं सुरू. बरोबरच आहे त्याचं. वीस वर्षं इथे राहून माझ्या बोलण्यात हा सूर आला आहे, आणि इथलं जे मला सोयीचं नाही ते मी सांगत नाही. सकाळी आठ वाजता जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन लावला की रांगेत सतरावा नंबर येतो. बोलायला थेरपिस्ट मिळेपर्यंत माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन येतो. २०१८ मध्ये या देशाला एकटेपणासाठी मंत्री नेमावा लागला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई गेल्या तेव्हा मला ते कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकलेलं त्यांचं फर्निचर बघून कळलं. दादा आईच्या खाली राहतो, तिचा पाय वाजला नाही तर वर जाऊन बघतो. हे मी करत नाही. मी रविवारी फोन करतो.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

२०१४ च्या पाहणीत आमच्या पत्त्याची निवड झाली होती. आधी पत्र आलं, मग लॅपटॉप घेऊन एक बाई आल्या. ऑक्टोबरात घड्याळं मागे केल्यानंतरचा आठवडा होता, चार-साडेचारला अंधारून आलं होतं. त्या शांतपणे प्रश्न विचारत गेल्या. मग म्हणाल्या, पुढचे प्रश्न तुमचे तुम्हीच वाचून भरा. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि खिडकीकडे बघत बसल्या. जीव द्यावा असं कधी मनात आलं आहे का, अशा अर्थाचा प्रश्न होता. त्या वर्षी मी स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहायचो, गाडी पूर्ण थांबेपर्यंत. मी 'नाही'वर बोट ठेवलं. त्यांनी जाताना हेल्पलाइनच्या नंबरांचा कागद दिला, तो मी काउन्सिल टॅक्सच्या फाइलमध्ये ठेवला. इंग्लंडच्या त्या वर्षीच्या आकड्यांत माझं ते 'नाही' अजून आहे.

वर्षभरानं जीपीच्या खोलीत नऊ प्रश्नांचा फॉर्म समोर आला तेव्हा खरं लिहिलं. नंतर थेरपिस्टशीही बोललो, इंग्रजीतच. इंग्रजीत ती वाक्यं मला परकी होती, म्हणून तोंडातून बाहेर पडली. मराठीत 'जीव नकोसा झालाय' म्हणायला गेलो की ते आईच्या कानावर पडल्यासारखं वाटायचं. बरा झालो. गोळ्या दोन वर्षं घेतल्या. घरी सांगितलं, कामाचा ताण आहे.

दादाच्या मेसेजनं माझा तोल का गेला, ते हे लिहिताना कळतंय. आई मला दर रविवारी 'मी बरी आहे' म्हणते, आणि त्या अनोळखी मुलीसमोर तासभर बोलली.

गेल्या रविवारी मी विचारलं, "आई, त्या मुलीनं तुला काय विचारलं गं?"

"विचारलं काय काय. झोप लागते का, म्हणाली."

"मग? लागते का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केला.

"तीनला जाग येते. मग नाही लागत. तुला लागते का रे?"

मी 'हो' म्हणणार होतो.

"नाही लागायची," मी म्हटलं. "मधे एक वर्ष अजिबात नाही लागायची, आई."

"सांग," ती म्हणाली.