कापडाच्या हाराला इतके पैसे कशाचे? : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार दिलेत, पण तक्रार सविस्तर लिहिलीत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गळ्यातलं आणि कानातलं मिळून २,४०० रुपये घेतले आणि त्यात चांदीचा कणही नाही, नुसतं कापड, दोरा, आरसे न् कवड्या. कवड्या मागून फुटक्या. दोन्ही कानातली सारखी नाहीत. डिसेंबरात मागवलेला माल मे महिन्यात हातात पडला. आणि एका प्रदर्शनात तुम्हाला 'ओरिजिनल अँटिक' बंजारा हार नऊशे रुपयांत मिळाला, म्हणजे आम्ही तांड्याच्या नावावर लोकांना लुटतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तोच मला लागला. मी स्वतः तांड्यावर वाढलेली आहे.

त्या नऊशेच्या हाराचा फोटो तुम्ही टाकलाय, तो मी मोठा करून पाहिला. मधला लाल चौकोन जुन्या काचळीच्या छातीवरचा आहे. काचळी म्हणजे आमच्या बायकांची चोळी, पाठ उघडी आणि मागे बांधायच्या नाड्या. त्या चौकोनाच्या डाव्या कडेचा आरसा बघा, अर्धा काळ्या पट्टीखाली गेलाय. त्याच्या खालची पांढऱ्या टाक्यांची रांग मध्येच संपते, आणि पट्टीच्या कडेनं सूत सुटायला लागलंय. भरणारी बाई आपली रांग अशी अर्धवट सोडत नाही. ती कात्रीनं तुटलेली आहे.

तांड्यांवर जुने कपडे घेणारे फेरीवाले येतात. लेकी-सुना साडी नाहीतर ड्रेस घालतात, याडीची, म्हणजे आईची, काचळी आणि फेटिया, म्हणजे घागरा, ट्रंकेत पडून असतो. घरात दवाखान्याला पैसे लागतात, की ट्रंक उघडते. पुढे व्यापारी त्याचे तुकडे पाडतो. छातीवरचा चौकोन हाराला, बाहीचा कानातल्यांना, फेटियाच्या घेराची पट्टी पर्सला. ट्रंक उघडणाऱ्या घराला थोडेफार पैसे मिळतात, ते जुन्या कपड्याचे. जिनं ते भरलं तिच्या मेहनतीचे नाहीत. तुमचा हार नऊशेला बसतो तो यामुळे, ताई. त्यात टाक्यांची मजुरी धरलेलीच नाही.

आमच्याकडे जुनी काचळी कापली जात नाही. कुणी विकायला आणली तर आम्ही म्हणतो, ही ठेवा, हिच्यावर बघून नवीन भरा, त्याचे पैसे आम्ही देतो. हे होऊ शकतं, हे कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी बायकांनी दाखवून दिलंय. त्या आमच्याच गोर, म्हणजे बंजारा, समाजाच्या. त्यांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेहून जास्त बायकांच्या हातच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून गिनेस विक्रम झाला. सगळं काम नवं. कुणाच्या ट्रंकेतलं काही कापावं लागलं नाही.

आता हिशेब. २,४०० रुपयांपैकी १,३०० भरणाऱ्या बाईला जातात, आणि काम हातात आल्याच्या दिवशीच जातात. माल विकायची वाट ती बघत नाही, आम्ही बघतो. ३५० कापड, सूत, आरसे, कवड्यांचे. १५० अस्तर लावून गोंडे आणि हुक बसवणारीचे. उरलेल्या ६०० मध्ये कुरिअर, दुकानाचं भाडं आणि आमचं घर. तांड्याचं नाव घेऊन लुटतो का, हे या आकड्यांवरून तुम्हीच ठरवा.

चांदी नाही हे खरं, आणि ती आहे असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही. चांदीचे दागिने आमच्याकडे वेगळे, गळ्यात हासलो, केसांत घुगरी-टोपली. पण आमच्या बायकांनी कापडालाही दागिन्याचाच मान दिला. लग्नात-सणात घागर डोक्यावर घ्यायची तर खाली कवड्यांची चुंबळ असते आणि तिच्या मागे मानेवर कवड्यांनी भरलेला गणो लोंबतो. तुमच्या हाराची घडण त्या गण्यावरून घेतली आहे.

कवड्या फुटक्या नाहीत. कवडीची पाठ फुगीर असते. ती तशीच शिवली तर गोल फिरते, अंगाला टोचते आणि आठवड्यात गळते. म्हणून पाठ घासून किंवा ठोकून काढतात. मग कवडी कापडावर सपाट बसते, आणि पुढच्या दातेरी फटीतून सुई आरपार घालून टाका घट्ट ओढता येतो. हे सगळीकडे असंच करतात, जुन्या कामातही. त्या नऊशेच्या हारात एखादी कवडी असेल तर तिचीही पाठ बघा.

कानातल्यांबद्दल तुम्ही लिहिलंत की एकात पिवळी रांग बाहेर आहे आणि दुसऱ्यात आत. बरोबर आहे. आकार सारखा, आरसे सारखे, कवड्या तितक्याच, रंगांचा क्रम भरणाऱ्या बाईचा. आमच्याकडे कापडावर छापा मारून देत नाहीत. ती कापडाचे धागे मोजत जाते आणि कुठला रंग कुठे घ्यायचा ते तिचं ती ठरवते. दोन्ही तंतोतंत सारखी कर, असं मी तिला सांगणार नाही. सांगितलं तर ती करेलही, पण मग तिच्या कामातलं तिचं काय उरलं? कानातलं उलटं करून बघा. मागेही पिवळा, हिरवा, पांढरा सगळे रंग दिसतील. मशीनच्या भरतकामाला मागे बहुतेक एकाच पांढऱ्या दोऱ्याचं जाळं असतं. तसलं जोडी-जोडी सारखं कानातलं बाजारात दोनशेला मिळतं. ते हवं असेल तर जरूर घ्या, आम्ही ते विकत नाही.

उशिराचं कारण तुमच्या ऑर्डरच्या पानावर होतं, इथे पुन्हा सांगते. दिवाळीच्या आसपास आमचे तांडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जावंच लागतं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तिच्या हातात सुई येत नाही. पहाटे मोळ्या बांधणाऱ्या बाईला मी फोन करून 'ताईंचा हार कुठवर आला' असं विचारणार नाही. भरतकामाची मजुरी नियमित मिळाली म्हणून आमच्याकडच्या काही बायका आता तोडीला जात नाहीत. तुमचा हार जिनं भरला ती अजून जाते.

अखंड काचळी-फेटिया बघायचा असेल तर रामनवमीला वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या यात्रेला या. म्हाताऱ्या याड्या अजून पूर्ण पोशाखात येतात. विचारून बघा, हात लावू देतील.

कानातली किंवा पूर्ण जोड परत करायचा असेल तर पंधरा दिवसांत पाठवा, कुरिअरचे पैसे आम्ही देऊ आणि पूर्ण रक्कम परत करू. तुमचे दोन स्टार तसेच राहू द्या, त्याची अट नाही. त्या नऊशेच्या हाराचं सूत सुटतंय, तो एक-दोनदा घातलात तर डावीकडचा आरसा पडेल. तोही सोबत पाठवा. आमच्याकडची बाई कड आत घेऊन पक्के टाके घालून देईल, त्याचे पैसे घेणार नाही.